बुलेट, पेटी आणि सातबारा

लांबच्या सफरीसाठी मोटारसायकलवर सामान बांधायला बसलेला माणूस जगातला सर्वांत कंजूष माणूस असतो. टॉवेल नको, पंचा चालेल. पंचा तरी कशाला, अंगावरच वाळेल की! जीन्स एकच, टूथपेस्टची नळी संपत आलेलीच. आमच्या ग्रुपमधले एक बँकवाले गृहस्थ साबणाची वडी सुरीने कापतात आणि तिचा चतुर्थांशच बरोबर घेतात. उरलेल्या वडीवर घरच्यांनी हात मारू नये म्हणून ती कुलपात ठेवतात, असंही ऐकून आहे. हे सगळं आवरलं, सॅडलबॅगांचे पट्टे आवळून झाले, की यातलाच एखादा माणूस कपाटातून दीड किलोचा काळा-चंदेरी ठोकळा काढतो. त्याच्यामागून दोन किलोची तिपाई निघते, मग लाइट मीटर, केबल रिलीज आणि फिल्मचे रोल. "एवढं सामान?" असं कुणी विचारलं तर तो दुखावल्या आवाजात सांगतो, "सामान कुठे? हा कॅमेरा आहे."

मी या जातीचा आहे.

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या पिढीने लग्नामुंजीत पाहिलेला कॅमेरा ३५ मिलिमीटरचा. त्याची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. मीडियम फॉरमॅटची चौकोनी निगेटिव्ह ५६ बाय ५६, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. फिल्मला म्हणतात '१२०'. कोडॅकने ती १९०१ मध्ये आणली, आणि सव्वाशे वर्षांत आपल्याकडे राज्यं आली-गेली, नाणी बदलली, पण हा रोल अजून तोच आहे. एका रोलवर फोटो बारा. बारा म्हणजे बाराच. तेरावा काढायचा झाला तर रस्त्याच्या कडेला बसून रोल बदला.

या दुनियेतलं पंढरपूर म्हणजे स्वीडनचा हॅसलब्लाड. १९५७ साली त्यांनी '५०० सी' काढला आणि १९७० मध्ये त्यात थोडी सुधारणा करून '५०० सी/एम'. लेन्स वेगळी, मधला डबा वेगळा, फिल्मचं मॅगझिन वेगळं, वर डोकावायचा फाइंडर वेगळा. सगळं सुटं करून टेबलावर मांडता येतं, आणि आम्ही ते मांडतोही, फोटो काढायचे नसतात तेव्हा जास्तच. १९६२ मध्ये वॉली शिरा नावाच्या अंतराळवीराने ह्यूस्टनच्या एका दुकानातून हा कॅमेरा घेतला आणि तो घेऊन अवकाशात गेला. सात वर्षांनी हॅसलब्लाड चंद्रावर पोचला. परतताना वजन वाचवायचं म्हणून अंतराळवीरांनी फिल्मची मॅगझिनं तेवढी काढून घेतली आणि कॅमेरे तिथेच टाकून दिले. ही हकीकत मी वर्षानुवर्षं भक्तिभावाने सांगत आलो. वजनाचा मुद्दा मात्र तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नव्हता. सॅडलबॅग बांधताना शिरला.

भाचा म्हणाला, "मामा, डिजिटल मीडियम फॉरमॅट घे ना, फुजीचा." मी किंमत पाहिली. तेवढ्यात दुसरी बुलेट आली असती आणि तिच्या टाकीत पेट्रोलही. शिवाय त्याचा सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरच्या आसपास, आमच्या ५६च्या चौकोनापेक्षा लहानच. परवडत नसलेल्या वस्तूत दोष सापडला की माणसाला किती बरं वाटतं, हे तेव्हा कळलं.

शेवटी जुना घ्यायचा ठरला. घरात मोठी खरेदी रुपयांत बोलायची नाही, अशी आमच्याकडे रीत. बायको कुठल्याही किमतीला त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने भागते आणि उत्तर तोळ्यांत सांगते. फ्रिज किती तोळ्यांचा, मुलाच्या क्लासची फी किती तोळ्यांची, सगळं तिला पाठ. मी किंमत सांगितली. तिने भागाकार केला, उत्तर मनातच ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हे गळ्यात घालून मिरवता येतं का?" येतं, म्हटलं. पट्टा असतो. "मग घ्या," म्हणाली. यात होकार किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

कॅमेरा होता कोल्हापुरात, एका स्टुडिओवाल्यांकडे. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. दुकानात आता मुलगा पासपोर्ट फोटो आणि फ्लेक्सचं काम बघतो, वडील मागच्या खोलीत. त्यांनी पेटी उघडली आणि मला हात धुऊन यायला सांगितलं. मग तासभर शिकवणी. मॅगझिनमधून फिल्मचा पाळणा कसा बाहेर काढायचा, कागदावरचा बाण नेमका कुठल्या खुणेशी आणायचा, मग चावी कुठवर फिरवायची. स्लाइड म्हणजे मॅगझिनच्या फटीत बसणारी पत्र्याची पातळ पट्टी. ती आत असेल तर शटर पडत नाही, आणि बाहेर असेल तर मॅगझिन सुटत नाही. लेन्स काढण्याआधी चावी मारलेली असलीच पाहिजे. "इसरलात, तर आडकतंय बघा," असं म्हणून त्यांनी खिशातून एक लांब, पातळ स्क्रू-ड्रायव्हर काढला. अडकलेली लेन्स त्याने मागून कशी सोडवायची ते दाखवलं आणि तो स्क्रू-ड्रायव्हर कॅमेऱ्याबरोबर फुकट दिला. एखाद्या वस्तूबरोबर तिच्या दुखण्याचं औषध आधीच मिळालं की गिऱ्हाइकाने सावध व्हायला पाहिजे. मी मात्र भारावून त्यांच्या पाया पडलो.

पैसे मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कुठं लावलीया?"

मी दाराबाहेर बोट केलं. त्यांनी चष्मा वर सरकवून बुलेटकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. "ह्याच्यावरनं न्हेणार?"

"हो."

"पुण्यापत्तुर?"

"हो."

ते आत गेले, घरातली एक जुनी गोधडी घेऊन आले, पेटी तिच्यात गुंडाळली आणि सुतळीने बांधली. गोधडीचे पैसे घेतले नाहीत. बांधताना ते काहीतरी पुटपुटत होते. कॅमेऱ्याला उद्देशून असावं.

माझी बुलेट जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली. तिचा थरकाप ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. इंडिकेटरचे स्क्रू, नंबरप्लेटचे नट, सायलेन्सरचे क्लॅम्प, दर घाटात काहीतरी ढिलं होतं आणि आम्ही ते कौतुकाने आवळतो. प्रश्न असा की अशा गाडीवर जपायची वस्तू ठेवायची कुठे. मागच्या कॅरिअरवर ठेवली तर ती चाकाच्या आसामागे येते, तिथे खड्ड्याचा फटका सगळ्यांत मोठा. टाकीवरच्या बॅगेत ठेवली तर खाली इंजिनाची ऊब आणि हादरे, वर ऊन. सॅडलबॅगेत ठेवली तर पडल्यावर पहिला मार तिलाच. उरली आपली पाठ. मणका, स्नायू आणि पन्नाशीची चरबी यांच्याइतकं चांगलं सस्पेन्शन कुठल्याही कंपनीने बनवलेलं नाही. म्हणून कॅमेरा पाठीवर, कोल्हापूरच्या गोधडीसकट. संध्याकाळी कॅमेरा ठणठणीत असतो आणि मला मलम चोळावं लागतं.

यावर फोनवाले हसतात. त्यांना मी आठवण करून देतो की २०२१ मध्ये ॲपलनेच जाहीर सूचना काढली होती: मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनाचे हादरे हँडलवर लावलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्याचं नुकसान करू शकतात. आमच्या स्वीडिश पेटीत बिघडायला इलेक्ट्रॉनिक काही नाहीच. बॅटरीसुद्धा नाही. उजेड मोजायचा मीटरही नाही, तो वेगळा घ्यावा लागला, पण वादाच्या भरात हे सांगायचं नसतं.

खरी अडचण हादऱ्यांची नव्हेच. अडचण अशी की मोटारसायकलवाल्याला थांबणं म्हणजे मानहानी, आणि असा कॅमेरा बाळगणाऱ्याला निघणं. आमच्या ग्रुपमध्ये 'सॅडलसोर' केलेली मंडळी आहेत, म्हणजे २४ तासांत १,००० मैल, १,६०० किलोमीटरच्या वर. हे लोक चहासुद्धा उभ्याने पितात, हेल्मेटची काच तेवढी वर करून. त्यांच्यात मी. ताम्हिणीत एका वळणावर धुकं सुरेख पसरलेलं. मी हात वर करून गाडी कडेला घेतली. पुढचा 'लीड' मैलभर निघून गेला, मागचा 'स्वीप' नाइलाजाने माझ्याजवळ थांबला. पाठीवरून बॅग उतरवली. गोधडी सोडली. हातमोजे काढले. तिपाई उभी केली, तिचा एक पाय चिखलात गेला, तो बाहेर काढला. कॅमेरा चढवला, झाकण उघडून वरून आत डोकावलो. या फाइंडरमध्ये डावं ते उजवं दिसतं. ट्रक डावीकडून येतोय असं वाटलं की तो उजवीकडून येतो. मोटारसायकलवाल्याला याचं भय वाटू नये, कारण वेगात डावीकडे झुकायचं तर डावी मूठच पुढे ढकलावी लागते, हा उलटा कारभार त्याच्या हाडात मुरलेला असतो. माझ्या हाडात तो फक्त हँडलपुरता मुरला असावा. फ्रेम सरळ होईपर्यंत बराच वेळ गेला. मीटरने उजेड मोजला, छिद्र लावलं, शटर लावलं, चावी मारली, स्लाइड काढून दातात धरली. मान वर केली. धुकं गेलेलं.

स्वीपने शांतपणे विचारलं, "झालं?"

तोंडात स्लाइड असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. त्या कॅमेऱ्याचा हा एक फायदा.

पुढच्या सहलींना ग्रुपने मला प्रेमाने सांगितलं की मी एकटा निघत जावं, तेच बरं. तेही ठीकच झालं. एकट्याने कोकणाचा किनारा धरला, दिघीची जेट्टी, बाणकोटची खाडी, दाभोळची फेरीबोट, असं करत जयगडकडे. जिथे रस्ता संपतो तिथे गाडी बोटीत घालायची आणि बोट लागेपर्यंत बारापैकी एखादा फोटो. बोटीची वाट पाहणं सक्तीचं असल्यामुळे कोणी घाई करत नाही. मीडियम फॉरमॅटसाठी कोकणासारखा मुलूख नाही.

अशाच एका गावाबाहेर, खाडीच्या चढावर, मी तिपाई लावून उभा होतो. अंगात चकचकीत पट्ट्यांचं जॅकेट, डोक्यावरचं हेल्मेट काढून बाजूला ठेवलेलं, समोर तीन पायांवर काळी पेटी, आणि मी तिच्यात मान खाली घालून बघतोय. पाच मिनिटांत एक आजोबा आले. धोतर, बनियन, हातात कोयती. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मोजणी काय वो?"

मी म्हटलं, "नाही आजोबा, फोटो."

त्यांनी मान हलवली. ही मान विश्वासाची नव्हती. रेवस–रेडी सागरी महामार्गाच्या गोष्टी त्या किनाऱ्यावर इतकी वर्षं चालू आहेत की तीन पायांचं काहीही दिसलं की लोकांना भूसंपादन दिसतं. आजोबा निघून गेले आणि दोघांना घेऊन आले. त्या दोघांतला एक आणखी चौघांना बोलवायला गेला. कुणीतरी माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, कुणी कोकम सरबत. "साहेब, लाइन वरनं जाणार का खालनं?" एका तरुणाने दबक्या आवाजात विचारलं. वरच्या बाजूला त्याच्या चुलत्याची जमीन होती आणि लाइन तिकडून गेली तर त्याची हरकत नव्हती. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून सगळ्यांना आत डोकावायला लावलं. त्यामुळे प्रकरण जास्तच बिघडलं. काचेवर खाडी, होड्या, माड असं सगळं चौकोनात आखल्यासारखं दिसलं, आणि माझ्या फाइंडरच्या काचेवर तर खरोखरच आडव्या-उभ्या रेघा आहेत. "हे बघ, नकाशाच हाय," एक जण म्हणाला. "आणि उलटा हाय," दुसरा म्हणाला. सरकारी काम असल्याची सगळ्यांची खात्रीच पटली.

तोवर आजोबा घरी जाऊन सातबारा घेऊन आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. त्यात त्यांच्या हापूसच्या कलमांची नोंद होती आणि मी ती बघावीच असा आग्रह होता. मी वाचला. पीकपाहणीच्या रकान्यात कलमं होती. मी गंभीरपणे "बरोबर आहे" म्हटलं, दुसरं काय म्हणणार! मग त्यांना तसंच उभं राहायला सांगितलं, पाठीमागे कलमं, दोन्ही हातांत उघडलेला सातबारा. त्या उताऱ्यावर पुरावा म्हणून साहेबांनी शिक्का मारला, असं त्यांना वाटलं असावं, कारण शटर पडल्यावर ते पहिल्यांदा हसले. हॅसलब्लाडच्या शटरचा आवाज आहेच तसा, तहसील कचेरीतल्या रबरी शिक्क्यासारखा ठाम. त्या रोलवरचा तोच फोटो चांगला आला. एक प्रत पोस्टाने पाठवली. ती त्यांनी सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवली, असं त्यांच्या नातवाने फोनवर कळवलं.

फोटो चांगला आला म्हणजे धुऊन चांगला आला. हे आणखी एक दालन. रोल एक हजाराच्या वर, धुवायला बाहेर दिला तर पुन्हा पैसे, म्हणून मी घरी धुतो. पुस्तकं म्हणतात पाणी २० अंश सेल्सिअस हवं. पुस्तकं इंग्लंडात छापलेली. एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी अंघोळीला गिझर लागू नये इतकं तापलेलं असतं. मग बर्फ. ऐन पन्ह्याच्या दिवसांत फ्रिजमधला सगळा बर्फ मी मोरीत नेतो, आणि साडेसात मिनिटं डबी हलवत बसतो. त्या साडेसात मिनिटांत हमखास पाहुणे येतात. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. सह्याद्री सर्वांत देखणा जुलैत, आणि लेन्सला बुरशी धरायचाही हाच मोसम. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या की संपलं. म्हणून ज्या महिन्यात कॅमेरा बाहेर न्यावा त्या महिन्यात तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. मी मात्र रेनकोट घालून ताम्हिणीत, कॅमेऱ्याशिवाय, सगळं डोळ्यांनी पाहत. त्या सहली फार छान होतात. हे मी ग्रुपमध्ये कबूल करत नाही.

आमच्या आधीच्या लोकांचं बरं होतं. होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, दिल्लीत साडी नेसून सायकलवरून कामावर जायच्या, कॅमेऱ्याचं ओझं घेऊन. रोलायफ्लेक्स वापरायच्या, म्हणजे हीच १२०ची फिल्म, हाच चौकोन. त्यांच्या सायकलीला सस्पेन्शन नव्हतं, आणि समोर माउंटबॅटन किंवा नेहरू असले की धुकं जाऊन यायची वाट बघण्याची सोयही नव्हती.

पण माझी जिरवली ती आईने. कॅमेरा आल्यावर काही दिवस ती लांबूनच बघत होती. एकदा मी रोल घालत होतो तेव्हा जवळ आली, कागदी रोल हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपल्या क्लिक थ्रीचा रोल."

मी म्हटलं, "तो वेगळा."

ती आत गेली. कपाटाच्या वरच्या खणातून, भाऊबिजेच्या जुन्या साड्यांच्या खालून, तपकिरी चामडी कव्हरातला आग्फा क्लिक थ्री घेऊन आली. बडोद्याला बनायचा तो. एके काळी मराठी मध्यमवर्गाच्या निम्म्या घरांत असायचा आणि उरलेल्या निम्म्यांत शेजाऱ्यांकडून मागून आणलेला असायचा. फिरवायला सूर्य आणि ढग, शटरचा वेग एकच, मागे लाल खिडकीत आकडा. मी माझा रोल त्यात घालून पाहिला. बसला. १२०ची फिल्म, सहा बाय सहाचा चौकोन, बारा फोटो. मीडियम फॉरमॅट.

"एवढाच फोटो यायचा," आई अल्बम उघडत म्हणाली. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हच्याच मापाची छपाई करून द्यायचे, तसे पांढऱ्या काठाचे छोटे चौकोन. नरसोबाची वाडी. गणपतीपुळे. महाबळेश्वरचा ऑर्थर सीट, वाऱ्याने आईचा पदर उडालेला. प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात बाबांची राजदूत. टाकीवर मी, मध्ये बाबा, मागे आई एका अंगाने बसलेली, तिच्या मांडीवर डब्याची पिशवी आणि गळ्यात क्लिक थ्री. टँकबॅग नाही, लाइट मीटर नाही, तिपाई नाही. म्हणजे माझे वडील मीडियम फॉरमॅट घेऊन मोटारसायकल टूरिंग करत होते. ते फक्त त्याला देवदर्शन म्हणत.

"मग तुझ्यात आणि ह्यात फरक काय?" आईने विचारलं.

मी लेन्सबद्दल सांगितलं, झाइसच्या काचेबद्दल, चंद्राबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"चंद्रावर देऊळ आहे का?" म्हणाली, आणि अल्बम मिटला.

तेव्हा ज्यांच्या मनात असा कॅमेरा घ्यायचं घोळतंय त्यांनी पैसे मोजण्याआधी घरातलं वरचं कपाट उपसावं. क्लिक थ्री सापडला तर लाल खिडकीचा कागद सुटला नाही ना, ते बघा, दोन-चार वेळा शटर दाबून बघा, आणि रोल घाला, अजून मिळतो. वजन किरकोळ आहे, जॅकेटच्या खिशात मावतो. आणि कपाटात चुकून हॅसलब्लाड सापडला, तर घरात कुणाला काही न बोलता आधी मला फोन करा. मी गोधडी घेऊन येतो.